अभ्यासाला बसायचं कुठे?

परीक्षेचं टाइमटेबल लागलं की प्रत्येक घरात एक वाक्य हमखास ऐकू येतं. ‘आता तरी अभ्यासाला बस!’ बस म्हणणाऱ्याचं काही चुकत नाही. पण बसायचं कुठे, हे तो सांगत नाही, कारण बहुतेक वेळा त्यालाही ते ठाऊक नसतं.

मढचंच घ्या. मुंबईच्या नकाशात मालाडच्या पश्चिमेला समुद्रात घुसलेलं जे टोक दिसतं, ते मढ. तुमच्यापैकी बहुतेकांनी ते अक्साच्या ट्रिपमध्ये पाहिलं असेल, नाहीतर मालिकेत, कारण अर्ध्या मराठी-हिंदी मालिकांमधले ‘वाडे’ आणि ‘फार्म हाऊस’ म्हणजे तिथलेच भाड्याचे बंगले. पण मढ म्हणजे कोळीवाडाही. तिथून रोज सकाळी दप्तर घेऊन निघणारी मुलं-मुली तुमच्याच वर्गात, तुमच्या मागच्या बाकावर असतात. त्यांच्या घरची संध्याकाळ डोळ्यांसमोर आणा. खालची एक खोली, वर जमलाच तर माळा. एका कोपऱ्यात आजीची मालिका चालू, दुसऱ्या कोपऱ्यात मासळीच्या पैशाचा हिशेब. दारात जाळं पसरून चार माणसं त्याची भोकं सांधतायत आणि चौघंही एकाच वेळी बोलतायत. बर्फाचा टेम्पो रिव्हर्स घेतोय. लहान भावाला मोबाइल हवाय, आणि तुमच्या नोट्स नेमक्या त्याच मोबाइलमध्ये आहेत.

त्यात सेमिस्टर एप्रिलमध्ये संपणार असेल, तर लग्नसराई तुमच्याच मागे लागलेली असते. कोळीवाड्यातली हळद म्हणजे काय, हे ज्याने पाहिलंय त्याला सांगायला नको. ज्याने पाहिलं नाही त्याने उद्या अकाउंट्सचा पेपर असताना आदल्या रात्री तिथे राहून बघावं. रात्री दहा ते सकाळी सहा लाऊडस्पीकर बंद हा नियम २००० सालापासून देशभर लागू आहे. रहिवासी भागात रात्री आवाजाची मर्यादा ४५ डेसिबल, हेही त्यात लिहिलेलं आहे. पण ज्या चुलत बहिणीच्या हळदीला तुम्हीच नाचायला हवे आहात, तिथे नियमाचा कागद कोण काढणार? आपण पण माणसंच.

तर, घरात जागा नाही. मग कुठे?

पहिलं उत्तर सगळे देतात ते समुद्राचं. ‘तुमच्याकडे काय बाबा, बीच आहे, निवांत!’ हे म्हणणाऱ्यांनी एकदा दुपारी चार वाजता एरंगळच्या वाळूत फिजिक्सचं जर्नल उघडून बसावं. वारा पान उलटतो, ऊन वहीवरून डोळ्यात येतं, पेनात वाळू जाते आणि अर्ध्या तासात दोन कुत्री, एक भेळवाला आणि एक रील बनवणारा ग्रुप तुमच्या अभ्यासात सामील होतात. समुद्रकिनारी अभ्यासाचा फोटो छान येतो. अभ्यास होत नाही. मढचा किल्ला म्हणाल, तर तो हवाई दलाच्या ताब्यात आहे, तिथे वह्या घेऊन जायचा विषयच संपला.

खरं उत्तर अनेकांनी स्वतःच शोधलंय आणि ते ऐकून मी थक्क झालो होतो. बस. मढ हा बेस्टच्या २७१ नंबरच्या बसचा शेवटचा स्टॉप, म्हणजे मालाड स्टेशनकडे जाताना पहिला. पहिला स्टॉप म्हणजे खिडकीची जागा नक्की. पुढे अक्सा, मार्वे रोड, मालवणी अशी वाट. ट्रॅफिक लागला तर तासाच्याही वर. बाकीचे त्या ट्रॅफिकला शिव्या घालतात, आणि एक मुलगा त्याच ट्रॅफिकमध्ये मांडीवर फाइल ठेवून दोन युनिट संपवतो. उभं राहून लटकत येणाऱ्या मालाडच्या मुलाला जे सुख नाही, ते मढच्या मुलाला फक्त दूर राहिल्यामुळे मिळतं. अर्थात हे जाताना. येताना मालाड स्टेशनला त्याच बसमध्ये चढून बघा.

दुसरी वाट पाण्यातून. मढ जेट्टीवरून फेरीबोट पकडली की काही मिनिटांत वर्सोवा. समोरासमोर दिसणारे हे दोन किनारे रस्त्याने गेलं तर मालाडमार्गे भलामोठा वळसा, आणि बोटीने हाताच्या अंतरावर. वर्सोव्याला उतरून रिक्षा किंवा बसने मेट्रो गाठली की अंधेरी, आणि तिथून पुढे सगळी मुंबई. ही बोट मढच्या विद्यार्थ्यांसाठी कॉलेजची बस आहे. पण पावसाळ्यात समुद्र खवळला की बोट बंद. रात्री शेवटची बोट गेली की गेली. म्हणजे अभ्यासाला बसायची जागा ठरवताना मढच्या विद्यार्थ्याला आधी घड्याळ बघावं लागतं.

आता वाट ठरली, जागा बघू. इथे एक फरक समजून घ्या, कारण तो कुणी सांगत नाही आणि मग अपमान झाल्यासारखं वाटतं. मी एफवायला असताना मोठ्या उत्साहाने एका जुन्या ग्रंथालयात गेलो. दारातल्या काकांनी विचारलं, ‘पिशवीत काय?’ म्हटलं, ‘पुस्तकं.’ ‘मग बाहेर ठेवा. इथे फक्त इथलीच पुस्तकं वाचायची.’ बराच वेळ वाद घातला, मग तोंड पाडून घरी आलो. चूक त्यांची नव्हती. मला हवी होती अभ्यासिका आणि मी गेलो होतो संदर्भ विभागात. वाचनालयाचा वर्तमानपत्रांचा कक्ष वेगळा, तिथे कुणीही जाऊन पेपर वाचू शकतो, पण टेबल अडवून बसलात तर पेपर वाचायला आलेले आजोबा खाकरतात. संदर्भ विभाग वेगळा, तिथे त्यांची पुस्तकं आणि तुमची कोरी वही. आणि अभ्यासिका वेगळी. तिथे खुर्ची, टेबल, दिवा आणि पंखा त्यांचा, बाकी सगळं तुमचं. फोनवर चौकशी करताना ‘लायब्ररी आहे का’ असं विचारू नका. ‘स्वतःची पुस्तकं आणून बसता येतं का’ असं विचारा.

पार्ल्याचं लोकमान्य सेवा संघ, म्हणजे आपलं टिळक मंदिर, १९२३ पासून उभं आहे आणि त्याच्या ग्रंथसंग्रहालयावर पार्ल्याच्या कितीतरी पिढ्या वाढल्या. गोरेगावला केशव गोरे स्मारक, मुलुंडला महाराष्ट्र सेवा संघाचं न. चिं. केळकर ग्रंथालय. उपनगरांतल्या या संस्था सरकारने नाही, तिथल्या मध्यमवर्गीय माणसांनी वर्गण्या काढून उभ्या केल्या. दादरच्या पूर्वेला मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय, स्थापना १८९८. मराठी साहित्य किंवा इतिहासावर प्रोजेक्ट असेल आणि गुगलवर काही सापडत नसेल, तर तिथला संदर्भ विभाग. तिथे मात्र वर सांगितलेला काकांचा नियम लक्षात ठेवा. विद्यापीठाचे विद्यार्थी असाल तर कलिनाच्या विद्यानगरीतलं जवाहरलाल नेहरू ग्रंथालय तुमचंच आहे. तुमच्या फीमध्ये त्याचा वाटा आहे, आणि तरीही टीवाय संपेपर्यंत तिथे एकदाही न गेलेले विद्यार्थी मला डझनाने भेटलेत. कॉलेजच्या आयकार्डावर काय काय मिळतं हे आपल्या लायब्ररियनला एकदा विचारा. त्यांनाही कुणीतरी काही विचारलेलं आवडतं.

याशिवाय महापालिकेच्या अभ्यासिका आहेत, आणि गणेशोत्सव मंडळांच्या. दुसऱ्या प्रकाराला कमी लेखू नका. मंडळाच्या ऑफिसात अकरा महिने ट्रॉफ्या आणि बॅनर पडून असतात. मुंबईतल्या कित्येक मंडळांनी तिथेच टेबलं टाकून वर्षभर अभ्यासिका चालवली आहे. रात्री बारापर्यंत दिवा, चहाचा थर्मास आणि एखादा पूर्वी इथेच शिकलेला दादा लक्ष ठेवायला. यापेक्षा जास्त काय लागतं?

कॅफेबद्दल दोन ओळी पुरेत. एक कॉफी घेऊन चार तास बसता येतं हे खरं, पण त्या कॉफीच्या किमतीत मढची मुलगी कितीतरी दिवस बोटीने ये-जा करते. आणि खासगी अभ्यासिका, पुण्याच्या सदाशिव पेठेत एमपीएससीवाल्यांसाठी जिन्याखालीसुद्धा निघाल्या तशा, आता मुंबईतही निघाल्यात. महिन्याची फी, क्युबिकल, एसी, वायफाय. परवडत असेल तर जरूर जा. ज्यांना परवडत नाही त्यांच्यासाठीच हा लेख आहे.

आणि मग दक्षिण मुंबई. खरं वैभव तिथे आहे हे मान्य करायला हवं. राजाबाई टॉवरखालचं विद्यापीठाचं ग्रंथालय, १८७८ सालचं, रंगीत काचांतून उजेड पडतो आणि आपण केटीचा पेपर वाचतोय हे विसरायला होतं. एशियाटिकचा टाऊन हॉल, त्याच्या तीस पायऱ्यांवर बसलेली मुलं पाहिली असतील तुम्ही. आणि काळा घोड्याचं डेव्हिड ससून ग्रंथालय. मागे बाग, वर गॅलरी, गॅलरीत आरामखुर्च्या. या शेवटच्या इमारतीपाशी जरा थांबू या.

ही इमारत १८७० ची. पण गोष्ट सुरू होते १८४७ मध्ये. तेव्हा टाकसाळीत आणि सरकारी गोदीत काम करणाऱ्या तरुण मेकॅनिकांना वाटलं, की काम सुटल्यावर बसून शिकता येईल, यंत्रांचे नमुने बघता येतील, पुस्तकं वाचता येतील अशी एक जागा हवी. कुणी साहेबाने ती दिली नाही, त्यांनी मागितली. पुढे डेव्हिड ससून यांनी देणगी दिली आणि इमारतीला नाव मिळालं. ज्या पिवळसर दगडात ती बांधली आहे, तो दगड कुठला माहितीय? मालाडचा. शेजारचं एल्फिन्स्टन कॉलेजही त्याच दगडातलं. दीडशे वर्षांपूर्वी मालाडच्या खाणीतला दगड काळा घोड्याला गेला आणि त्याची वाचायची जागा झाली. आज मालाडच्याही पलीकडची, मढची मुलगी त्या दगडाच्या मागोमाग रोज निघते. बोट किंवा बस, मग लोकल, मग चर्चगेटपासून चालत. कसंही मोजा, जायला दोन-अडीच तास, यायला तेवढेच. पाच तास अभ्यास करायचा तर पाच तास प्रवास. दगड एकदाच गेला, तिला रोज जावं लागतं.

हा लेख लिहायला घेतला तेव्हा मला मुंबईतल्या अभ्यासाच्या जागांची झकास यादी द्यायची होती. करता करता लक्षात आलं की जागांचा नकाशा काढला तर ठिपके खाली दाट आणि वर विरळ होत जातात, आणि पश्चिमेच्या टोकाला पोहोचेपर्यंत संपतात. जिथे घरं लहान, तिथे अभ्यासिका कमी. २०११ च्या जनगणनेप्रमाणे मुंबईत दहातले चार जण झोपडपट्टीत राहतात. त्यांच्या घरात स्टडी टेबल कुठे ठेवणार? म्हणजे ज्याला बाहेरच्या खुर्चीची सगळ्यात जास्त गरज, त्याच्यापासून खुर्ची सगळ्यात लांब.

अशा वेळी मुलं काय करतात, याचं उत्तर वरळीत आहे. पोदार रुग्णालयाच्या मागे एक रस्ता आहे. पाटीवर नाव सुदाम काळू अहिरे मार्ग. ते नाव सांगून टॅक्सीवाल्याला कळणार नाही, ‘अभ्यास गल्ली’ म्हणा, लगेच कळेल. कधीपासून कुणास ठाऊक, पण जुन्या वरळीकरांना आठवतं तेव्हापासून रात्री इथे मुलं फूटपाथवर, कठड्यावर, रस्त्याच्या दिव्याखाली पुस्तक घेऊन बसतात. वाहनांची वर्दळ कमी, झाडं भरपूर, दिवे बरे. बहुतेक मुलं जवळच्या बीडीडी चाळींतली. १९२० च्या दशकात बांधलेल्या या चाळींत खोली १६० चौरस फुटांची, संडास मजल्यावर सामाईक, आणि खोलीत माणसं सहा, सात, आठ. रात्री जेवणं झाली की अंथरुणं पडायची आणि अभ्यास करणारा दाराबाहेर. तो चालत चालत या गल्लीत यायचा. पाठांतर करताना येरझाऱ्या घालायच्या, कंटाळा आला की शेजारच्याची शंका सोडवायची. दहावीचा पोरगा, त्याच्या बाजूला इंजिनीअरिंगचा, त्याच्या बाजूला पोलीस भरतीवाला. इथे बसून शिकलेले लोक पुढे डॉक्टर, वकील, अधिकारी झाले, असं वरळीत कुणीही अभिमानाने सांगेल.

काही वर्षांपूर्वी महापालिकेने त्या गल्लीचं रूप बदललं. बसायला बाकं, चांगले दिवे, भिंतींवर चित्रं. काहींनी नाकं मुरडली की फूटपाथवर अभ्यास करावा लागतो याचं कसलं सुशोभीकरण करता. मला ती टीका अर्धीच पटते. घरं मोठी व्हायला हवीत हे खरंच. ऑगस्ट २०२५ मध्ये वरळीच्या ५५६ कुटुंबांना १६० च्या जागी ५०० चौरस फुटांच्या घरांच्या चाव्या मिळाल्याही. पण त्या चाळींना उभं राहून शंभरेक वर्षं होत आली होती. पुनर्विकास होईपर्यंत सेमिस्टर थांबत नाही. ज्या पोराची परीक्षा या मार्चमध्ये आहे, त्याला या मार्चमध्ये बाक हवं. गल्लीत बाक टाकणाऱ्याने निदान मान्य केलं, की इथे मुलं बसतात, ती उपरी नाहीत, हे त्यांचंच आहे. याआधी तीच मुलं कुणाच्यातरी डोळ्यांना ‘रात्री रस्त्यावर टवाळक्या करणारी’ दिसत असणार.

मुंबईला हे नवीन नाही. परळच्या चाळीतल्या एका खोलीत, जिथे चूल तीच, जातं तेच आणि झोपायचंही तिथेच, एक मुलगा लवकर झोपायचा आणि त्याचे वडील जागे राहायचे. रात्री दोनला वडील त्याला उठवायचे आणि त्याने रिकामी केलेल्या जागेवर स्वतः झोपायचे. मुलगा पहाटेपर्यंत दिव्यापाशी वाचायचा. खोलीत जागा वाढवता येत नव्हती म्हणून त्या बापलेकांनी वेळ वाटून घेतला होता. शाळा सुटल्यावर तो चर्नी रोडच्या बागेत, आजच्या स. का. पाटील उद्यानात, जाऊन वाचत बसायचा. तिथे रोज येणाऱ्या एका शिक्षकांचं लक्ष त्याच्याकडे गेलं. कृष्णाजी अर्जुन केळुसकर. त्यांनी मुलाची चौकशी केली, पुस्तकं दिली, आणि १९०७ मध्ये तो मॅट्रिक झाला तेव्हा स्वतः लिहिलेलं बुद्धचरित्र भेट दिलं. तो मुलगा म्हणजे भीमराव आंबेडकर. ही गोष्ट आपण ‘परिस्थितीवर मात’ या मथळ्याखाली वाचतो आणि पुढे जातो. मला त्यात बागेतलं बाक महत्त्वाचं वाटतं. बाग उघडी होती, बसायला कुणी अडवलं नाही, म्हणून केळुसकर भेटले. घरातल्या कोपऱ्यात एकट्याने वाचणाऱ्याला केळुसकर कुठून भेटणार? पुढे याच माणसाने दादरला घर बांधलं तेव्हा आधी पुस्तकांच्या जागेचा विचार केला, हे सांगायला नकोच. राजगृह बाहेरून तरी एकदा बघून या.

जगातही हेच चित्र आहे. आफ्रिकेतल्या गिनी देशाच्या राजधानीत, कोनाक्रीत, घरोघरी वीज नसायची तेव्हा परीक्षेच्या दिवसांत मुलं कित्येक किलोमीटर चालत विमानतळावर जायची आणि पार्किंगच्या दिव्यांखाली बसून वाचायची. २००७ च्या सुमारास ते फोटो जगभर छापून आले. आणि दुसऱ्या टोकाला सिंगापूर. तिथल्या चांगी विमानतळावरही मुलं अभ्यासाला येतात, एसी असतो म्हणून. विमानतळवाल्यांनी त्यांना हाकललं नाही, परीक्षेच्या काळात त्यांच्यासाठी टेबलं मांडली.

आता एक अवघड प्रश्न, तोही खास मुलांना. अभ्यास गल्लीच्या गोष्टी सांगताना आपण सगळे ‘तो’ म्हणतो. मीही वर ‘तो’च म्हटलं, परत वाचून बघा. रात्री अकराला रस्त्याच्या दिव्याखाली बसून वाचायला किती मुलींना घरून पाठवतात? आणि पाठवलं तरी चार तासांत टॉयलेटला जायचं कुठे? मुंबईत बायकांना मोफत, स्वच्छ स्वच्छतागृह मिळावं म्हणून २०११ पासून ‘राइट टू पी’ नावाची चळवळ चालवावी लागली, यावरून काय ते समजा. मुलगी पाणी न पिता अभ्यासिकेत बसते आणि संध्याकाळी सातला उठते, कारण स्टेशन ते घर या वाटेवर दिवे नाहीत. मढच्या मुलीला त्यात बोटीची वेळही सांभाळायची. त्यामुळे कुणी ‘मस्त जागा आहे रे, रात्रभर बसता येतं’ असं सांगितलं की दोन गोष्टी विचारा. मुलींसाठी टॉयलेट आहे का, आणि परत यायचं कसं. या दोन्हींचं उत्तर ‘नाही’ असेल, तर ती जागा अर्ध्या वर्गासाठी नाहीच.

मग मढने काय करायचं? पूल होईल तेव्हा होईल. वर्सोवा-मढ पुलाच्या बातम्या वाचत एक पिढी म्हातारी व्हायला आली. आणि पूल झाला तरी खुर्ची पलीकडेच राहणार. माझं म्हणणं साधं आहे. खुर्ची अलीकडे आणा. त्यासाठी राजाबाई टॉवर बांधायला नको. वस्तीत महापालिकेची शाळा असते. दुपारचं सत्र सुटलं की ती कुलूपबंद होते. काही शाळांत रात्रशाळा भरते, ती सोडली तर बाकं, पंखे, दिवे आणि टॉयलेट असलेली अख्खी इमारत संध्याकाळी सहा ते दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत अंधारात उभी असते. त्याच इमारतीच्या भिंतीला टेकून, बाहेरच्या दिव्याखाली, एखादा मुलगा मोबाइलच्या टॉर्चवर वाचत बसलेला असतो. तळमजल्यावरचा एक वर्ग सहा ते दहा उघडा ठेवायला काय लागतं? एक चावी आणि एक जबाबदार माणूस. विजेचं बिल किती येईल ते महापालिकेच्या हिशेबात शोधावं लागेल, इतकं लहान असेल.

हे होणार नाही असं लगेच म्हणू नका. १८४७ च्या मेकॅनिकांनाही कुणीतरी म्हटलं असेल. मागताना मात्र नीट मागा. ‘आमच्याकडे अभ्यासिका हवी’ असं मोघम पत्र वॉर्ड ऑफिसच्या ढिगाऱ्यात जातं. पंधरा-वीस जण एकत्र या. वस्तीत दहावीपासून पुढे शिकणारे किती, त्यांतल्या मुली किती, कुठल्या वेळेला जागा हवी, कुठल्या शाळेतला कुठला वर्ग, कुणाकडे चावी राहील, हे एका पानावर लिहा. मच्छीमार सोसायटीचं, मंडळाचं, चर्चच्या तरुणांच्या ग्रुपचं नाव खाली येऊ द्या, कारण मढमध्ये हे सगळे शेजारी राहतात आणि सगळ्यांच्याच पोरांना केट्या लागतात. पत्राची पोच घ्या. पोचेवर शिक्का मारून घ्या. पंधरा दिवसांनी शिक्का दाखवून पुन्हा जा. तुमच्यातला जो कॉलेजच्या इलेक्शनमध्ये फार बोलतो त्याला पाठवा. त्याचा उपयोग होईल.

आणि जागा मिळाली, की ती टिकवायची तुम्ही. कितीतरी बऱ्या अभ्यासिका बंद पडल्या त्या पैशांअभावी नाही, तर बाकांवर कोरलेल्या नावांमुळे, पुड्यांच्या कागदांमुळे, आणि ‘मित्रासाठी जागा धरलीय’ म्हणून सकाळी आठला टाकलेल्या आणि दुपारी दोनपर्यंत रिकाम्या राहिलेल्या रुमालांमुळे. शेजाऱ्याने एकदा तक्रार केली की चावी परत जाते. फोन सायलेंटवर ठेवणं म्हणजे व्हायब्रेटवर लाकडी टेबलावर ठेवणं नव्हे, हेही सांगून ठेवतो.

जाता जाता, बोरिवलीच्या नॅशनल पार्कात गेलात तर कान्हेरीला वर चढून जा. शंभराहून जास्त लेणी आहेत, आणि त्यांतल्या कितीतरी म्हणजे भिक्खूंच्या राहायच्या खोल्या. दगडातच कोरलेला बसा-झोपायचा ओटा, दाराशी पाण्याचं टाकं, समोर झाडी. चैत्यासमोर लोकांची गर्दी असते, पण मला ते ओटे बघायला आवडतं. आपल्याच उपनगरात जवळजवळ दोन हजार वर्षांपूर्वी कुणीतरी विचार केला होता, की पावसाळ्यात बसून शिकायचं तर माणसाला काय काय लागेल, आणि त्यासाठी व्यापाऱ्यांपासून गृहस्थांपर्यंत सगळ्यांनी दान दिलं. त्यांची नावं भिंतीवर कोरलेली आहेत. तिथे नावं कोरायला हरकत नव्हती, कारण त्यांनी आधी ओटा दिला होता.

पुढच्या महिन्यात आपल्या या पानावर उपनगरांतल्या अभ्यासाच्या जागांचा नकाशा छापायचा विचार आहे. दहिसर ते वांद्रे, मुलुंड ते कुर्ला, आणि मढ, मार्वे, मनोरी, गोराई ही टोकंसुद्धा. तुम्हाला माहीत असलेली जागा लिहून पाठवा. सजवून लिहू नका. वेळ काय, फी किती, स्वतःची पुस्तकं चालतात का, खुर्च्या किती, पंखा चालतो का, मुलींसाठी टॉयलेट आहे का, आणि तिथून शेवटची बस किंवा बोट कितीला सुटते. स्वतः जाऊन, निदान दोन तास बसून आलेला असाल तरच पाठवा.